निवडून आलात? मग आता मर्यादा कसल्या पाळता!

अभिनंदन! आता आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. लोकांनी आपल्याला ठरावीक मुदतीपुरता कारभार करायला निवडून दिलंय, ही समजूत हरलेल्यांना शोभते. तुम्हाला नाही. जनता म्हणजे यापुढे तुम्हीच, त्यामुळे तुम्हाला जो आडवा येईल तो जनतेला आडवा आला. ज्यांनी तुम्हाला मत दिलं नाही त्यांना जनतेत धरायचं की नाही, ते सवडीनं ठरवा.

रणगाडे वगैरे रस्त्यावर आणू नका. ते आळशी लोकांचं काम. सगळं कसं कायदेशीर हवं. २३ मार्च १९३३ चं बर्लिन आठवा. संसदेची इमारत महिनाभरापूर्वीच जळालेली, म्हणून अधिवेशन भरलं क्रोल ऑपेरा हाउसमध्ये. कम्युनिस्ट सदस्यांपैकी काही तुरुंगात, काही भूमिगत. सभागृहात नाझी पक्षाचे गणवेशधारी खडे पहारा देत उभे. आणि मग रीतसर मतदान! बाजूनं ४४४, विरोधात ९४. संसदेला न विचारता कायदे करण्याचा अधिकार सरकारला खुद्द संसदेनंच देऊन टाकला. वर सभ्यपणा किती, तर कायद्याची मुदत फक्त चार वर्षं. संपत आली की वाढवायची, एवढंच. १९३७ मध्ये वाढवली, १९३९ मध्ये पुन्हा वाढवली. नियमाला धरून वागणं म्हणतात ते हे.

न्यायाधीशांशी तर मुळीच भांडू नका, त्यांच्या वयाची काळजी करा. हंगेरीत नवं संविधान आल्यावर त्यांचं निवृत्तीचं वय ७० वरून थेट ६२ वर आणलं आणि दोनशेहून जास्त अनुभवी न्यायाधीशांना विश्रांतीचा मार्ग मोकळा करून दिला. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं खरं, पण रिकामी खुर्ची काय निकालाची वाट बघत थांबते?

खटला थेट तुमच्यावरच असेल, तर घटनाच दुरुस्त करा. भारतात १९७५ मध्ये पंतप्रधानांची निवडणूक उच्च न्यायालयानं रद्द केली. अपील सर्वोच्च न्यायालयात असतानाच ३९ वी घटनादुरुस्ती झाली: पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर, तीही मागच्या तारखेपासून! सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक वैध ठरवली, पण ते कलम मात्र उडवलं. कशाच्या आधारावर? घटनेच्या मूळ चौकटीला संसदेलाही हात लावता येत नाही, या १९७३ च्या निकालाच्या. आणि तो निकाल होता ७ विरुद्ध ६ असा. म्हणजे एका न्यायमूर्तींमुळे एवढी आफत! तेव्हा नेमणुका करताना डोळ्यांत तेल घालून करा, आणि सातवा कोण ते आधीच हेरून ठेवा.

एवढं करूनही काही जण घोटाळा करतात. ते खरोखरीची निवडणूक घेतात. १९७७ मध्ये भारतात तसंच झालं आणि लोकांनी सरकारच बदललं. तुम्हाला निवडणुकीची अगदीच हौस असेल, तर लायबेरियाचा १९२७ चा धडा गिरवा. मतदार जेमतेम १५ हजार आणि जिंकलेल्या अध्यक्षांना मतं दोन लाखांहून जास्त. असा कौल हवा! फक्त मोजणाऱ्याला बेरीज येते ना, तेवढं आधी तपासून घ्या.