चंद्रमौळी

परवा एका वास्तुशांतीचं निमंत्रण आलं. 'आमच्या चंद्रमौळी घराला आपले पाय लागावेत.' पक्क्या स्लॅबचं, नवव्या मजल्यावरचं घर. बोलावणं मनापासूनचं आहे आणि मी जाणारच आहे. पण तो शब्द तेव्हापासून सलतोय.

संस्कृतात मौलि म्हणजे मस्तक, मुकुट. चंद्र आहे ज्याच्या मौलीवर तो चंद्रमौलि, म्हणजे शंकर. मराठीत 'ल'चा 'ळ' झाला आणि देवाचं हे नाव झोपडीला जाऊन चिकटलं. छप्पर इतकं विरलेलं की आत निजलेल्याला चंद्र दिसतो, ती चंद्रमौळी. शब्द सुंदर आहे, पण तो गळक्या छपराचा शब्द आहे. आपण त्यातला चंद्र ठेवला आणि छप्पर विसरलो, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या आजीचं घर अकोले तालुक्यातल्या डोंगरात होतं. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण, वर गवत. वैशाखात शाकारणी निघाली की आजी भर दुपारी दार लावून आत उभी राहायची. अंधारात छपरातून जिथून उजेड दिसे, तिथे खालून काठी खुपसायची. वर बसलेल्या काकाला काठीचं टोक दिसलं की तो तिथे गवत दाबायचा. सगळं छप्पर असं चाचपून व्हायचं. तरी आषाढात कुठेतरी धार लागायचीच, मग त्याखाली पातेलं. आम्हा मुलांना रात्री वरचं चांदणं बघायला फार आवडायचं. ती म्हणायची, "चांदणं बघाया अंगण हाय की रं. घरात कशाला पायजे?"

आजही दिवाळीच्या सुमारास बीडकडची माणसं ऊसतोडीला जातात आणि कारखान्याच्या आसपास रानात कोप्या घालतात. बांबू, पाचट, नाहीतर प्लास्टिकचा कागद. कडाक्याच्या थंडीचे महिने लेकराबाळांसकट त्यातच काढायचे. तिथे कुणी 'चंद्रमौळी' म्हणत नाही, कोपीच म्हणतात. हा शब्द कुणाला शोभत असेल तर त्या कोपीला. आपल्या पक्क्या घराला विनयापोटीही तो लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

आजीच्या घरावर पुढे कौलं आली. त्या वर्षीच्या पहिल्या पावसात घरात एक थेंब आला नाही. आजी मात्र पातेलं जवळ घेऊन रात्रभर जागी होती.