रविवार कुणी दिला? सोलापूरकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सोलापूरकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, माणसाने लेख शेवटपर्यंत वाचलाय, हल्ली हेही कमी नाही. गिरणगावावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रविवारची सुट्टी १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मिळाली हे मी चूक लिहिलं. असले कायदे मुळात मँचेस्टरवाल्यांनी, म्हणजे इंग्लंडात लँकेशायर भागातल्या कापडगिरण्यांच्या मालकांनी, मुंबईच्या गिरण्यांचा गळा आवळायला आणले आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे नकळत त्यांच्या हातातलं बाहुलं झाले. शिवाय गिरणीने जात मोडली, त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

पहिली चूक मुकाट्याने कबूल. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, त्याही मुलांनाच. मोठ्या माणसांच्या तासांना त्याने हातच लावला नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र जरा बैठक मारून बोलू.

मँचेस्टरचा हेतू काळा होता यात वाद नाही. १८७५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांची चौकशी करायला कमिशन बसलं, त्यामागे लँकेशायरचा रेटा होता. त्याच सुमारास त्यांचा आयात कापडावरच्या ५ टक्के जकातीवर डोळा होता आणि १८८२ पर्यंत ती जकात गेलीच. पुढे १८९६ मध्ये सरकारने बाहेरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि आपल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. असल्या सरकारला मजुरांचा कळवळा आला, हे कुणाच्याही गळी उतरणार नाही. तेव्हाच्या बहुतेक देशी पत्रांनी या कायद्यांना विरोध केला, त्याचं कारण हेच.

गंमत अशी, की याच लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी चाळीस वर्षं आधी आपल्या घरी नेमकं उलटं गाणं गायलं होतं. १८३७ मध्ये ऑक्सफर्डचे अर्थशास्त्री नासाऊ सीनियर यांनी हिशेब मांडला, की साडेअकरा तासांच्या दिवसात मालकाचा निव्वळ नफा शेवटच्या तासात निघतो. तो तास कापा, की नफा संपला आणि गिरणीही संपली! १८४७ मध्ये तिथे बायकांसाठी आणि पोरांसाठी दहा तासांचा कायदा झाला. गिरण्या काही बुडाल्या नाहीत. त्याच गिरण्यांचं कापड पुढे आपल्याकडे गठ्ठ्यांनी येत राहिलं. मुंबईचे मालक तास कमी करायला नाही म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडी जवळजवळ सीनियरसाहेबांचंच गणित होतं. म्हणजे शत्रूचं कापड नको, पण शत्रूने टाकून दिलेला युक्तिवाद चालेल.

आता लोखंडे. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला आणि भायखळ्याला कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे जो अर्ज तयार झाला त्यावर साडेपाच हजारांवर सह्या-अंगठे होते. त्यात काय मागितलंय ते बघा. आठवड्याला एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास जेवायला. सकाळी साडेसहाच्या आधी काम सुरू नको आणि सूर्य मावळला की बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. काम करताना हातपाय गेला तर भरपाई. या यादीत मँचेस्टर कुठे दिसतं तुम्हाला? दुपारची अर्ध्या तासाची भाकरी कुणी बाहेरून शिकवावी लागते का? लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले होते आणि 'दीनबंधु' चालवत होते. साहेबाने पढवायची त्यांना गरज नव्हती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या सभेत दोन बायका उभं राहून बोलल्या आणि त्या जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला. आठवड्याची सुट्टी कायद्यात आली ती त्यानंतर, १८९१ मध्ये.

माझं म्हणणं एवढंच, की कायदा आणणाऱ्याचा हेतू खोटा म्हणून कायदा मागणाऱ्याची गरज खोटी ठरत नाही. आणि आपल्या त्या काळच्या अर्थविचाराला हीच गोष्ट अवघड गेली. न्यायमूर्ती रानड्यांबद्दल मला नितांत आदर आहे. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी ठणकावलं, की इंग्रज पंडितांचे नियम म्हणजे सगळ्या देशांना लागू होणारे निसर्गनियम नव्हेत, आपल्याकडे उद्योग उभे करायला सरकारने हात दिला पाहिजे. तेव्हा हे म्हणायला छाती लागत होती. पण त्या पिढीच्या मांडणीत कामाचे तास आले की ते खर्चाच्या रकान्यात जाऊन बसतात. देश गरीब का, याचं उत्तर या मंडळींनी शोधलं. चौदा तास उभा असलेला माणूस घरी कधी जाणार, हा प्रश्न त्यांनी अर्थशास्त्राचा मानलाच नाही. सोराबजी शापुरजी बंगालींसारखा एखादा मुंबईकर तो विचारत होता, पण असे मोजकेच.

तिसरा मुद्दा जातीचा. गिरणीने गावकी सैल केली, हे खरंच. एका भोंग्यावर सगळे उठले, एका फाटकातून आत गेले. फाटकाच्या आत काय होतं, ते मात्र सांगतो.

माझे आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, होते. त्यांचा एक धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन, आमच्याकडे आहे, हाताळून हाताळून तुळतुळीत झालेला. सुताची कांडी संपली की नवी धोट्यात बसवायची आणि सुताचं टोक बाजूच्या बारीक भोकाला तोंड लावून जोरात ओढून घ्यायचं. दिवसभर हेच. भोकाच्या भोवतालचं लाकूड काळपट पडलंय. एकच धोटा पाळीपाळीने अनेकांच्या तोंडाला लागायचा, आणि याच कारणावरून अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात घेत नसत. तो त्रासनखात्यात, म्हणजे सूत काततात तिथे, जिथे पगार कमी. साच्यावरचा पगार चांगला, म्हणून विटाळही साच्यालाच जास्त लागायचा, असं मी म्हटलं तर तुम्ही मला खवचट म्हणाल. म्हणा. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे लावून धरला, तोवर मुंबईत पहिली गिरणी सुरू होऊन सत्तर वर्षं उलटली होती. आजोबांनी हे मला कधी सांगितलं नाही, मी त्यांना विचारलंही नाही. लेखात जातीबद्दल गप्प राहिलो याचं कारण तेवढंच आहे, आणि ते फारसं चांगलं नाही.

तुमचे वडील जुन्या मिलमध्ये होते असं तुम्ही लिहिलंय. तिकडे सूत तोंडानेच ओढायचे की आकडा होता? आणि साच्यावर कोण कोण असायचं? ते असतील तर विचारून इथेच लिहा, लेखात तुमच्या नावाने घालतो.