'भाजणं' या शब्दावरून: एका प्रतिक्रियेला उत्तर

'आत्याचे तीस शेक' या माझ्या लेखावर आलेली एक प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते, म्हणजे मी काही लपवलं असं नको व्हायला.

"लेख हृदयस्पर्शी वगैरे आहे. पण 'तोंड आतून भाजून निघालं' हे धादांत अशास्त्रीय. रेडिएशनने कुणी भाजत नाही. असलं वाचून पेशंट उपचार अर्धवट सोडतात. दात, जबडा, थायरॉइड यांविषयी अवाक्षर नाही. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत चला."

नमस्कार. आपण नाव लिहिलेलं नाही, 'सजग वाचक' एवढंच दिसतं. त्यामुळे सर म्हणू की मॅडम, कळत नाही. असो.

तो 'वगैरे' मी दोन दिवस चघळतेय. आत्या चाळीस वर्षं मिश्री लावायची, गालाच्या आत गाठ आली, ऑपरेशन झालं, मग शेक, म्हणजे रेडिएशन. कुणाचं हृदय वगैरे हलावं म्हणून ती आजारी पडली नव्हती.

एक गोष्ट मान्य करते, कारण हिशोब मी स्वतः मांडून पाहिला. आत्याला रोज २ ग्रे असे तीस दिवस, एकूण ६० ग्रे डोस होता. १ ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल. पाणी एका अंशाने तापवायला किलोमागे साधारण ४२०० ज्यूल लागतात. म्हणजे एका शेकाने अंग तापलं, तर अंशाच्या दोन हजाराव्या भागाएवढं. चहाचा घोट जास्त तापवतो. तेव्हा उष्णतेने भाजत नाही हे आपलं बरोबर. झालं समाधान?

पण मी 'उष्णतेने' असं लिहिलंच नव्हतं. पानात चुना जास्त झाला की तोंड भाजतं. चुन्यात कुठला विस्तव असतो? उन्हानेही कातडी भाजते, आणि ती काही तव्यासारखी तापलेली नसते. मराठीत कातडं सोलवटलं, आग आग झाली की आपण भाजलं म्हणतो. किरणोत्सर्ग शोधून काढणाऱ्या बेकेरेलने १९०१ साली रेडियमची नळी खिशात बाळगली, तर काही दिवसांनी त्या जागी कातडी लाल होऊन जखम झाली. त्याच्यासमोर बसून त्याला "भाजलं म्हणू नका हं, अशास्त्रीय आहे" असं सांगितलं असतंत का? शेक हा शब्द तरी कुठे शास्त्रीय आहे? पण वॉर्डातल्या मावशींपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तोच वापरतात. "आज कितवा शेक?" हीच तिथली रामराम.

आणि अभ्यासाचं म्हणाल, तर सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, मी त्या दाराबाहेरच्या बाकावर बसले आहे. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तिच्या चेहऱ्यावर दाबून साचा घेताना तिने माझा हात धरून ठेवला होता. पहिला आठवडा आत्या आमटीत भाकरी कुस्करून खात होती, मलाच म्हणाली, "एवढंच असतं व्हय?" तिसऱ्या आठवड्यात पाण्याचा घोटही जाईना. हे असं उशिरा का होतं, तेही मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. किरण पेशीतला डीएनए तोडतात, पण बहुतेक पेशी लगेच मरत नाहीत. विभागायला जातात तेव्हा मरतात. तोंडाचं अस्तर एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं. वरचं नेहमीसारखं झडत राहतं आणि खालून नवं येत नाही. मग उघडं पडतं ते पडतं. रोज थोडा थोडा डोस देतात, कारण निरोगी पेशी मधल्या वेळात स्वतःला सावरतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. लाळेच्या ग्रंथींचं वेगळंच, त्या फारशा विभागत नसूनही लवकर मान टाकतात. शेक संपल्यावर दोन महिन्यांत आत्याचं तोंड भरून आलं. लाळ मात्र आलीच नाही. अजूनही प्रत्येक घासाला पाणी.

उपचार सोडण्याविषयी. आमच्या बाकावर रोज बसणारे एक काका सतराव्या शेकानंतर आले नाहीत. त्यांना कुणी 'भाजतं' असं सांगून घाबरवलं नव्हतं. कुणी काही सांगितलंच नव्हतं. तोंड आल्यावर त्यांना वाटलं रोग पसरला, आता कशाला पैसे घालवायचे. तिसऱ्या आठवड्यात असं होणार आणि ते भरून येणार, हे आधी कळलं असतं तर? मी तेच लिहिलं होतं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथवर वाचलं असेल असं धरून चालते. आत्याने तीसच्या तीस घेतले, हेही तिथेच आहे.

बाकी थायरॉइडची गोळी आत्याला दीड वर्षापासून चालू आहे, जबड्याचा व्यायाम ती आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून करते. लेखात नाही लिहिलं, कारण तो लेख होता, केसपेपर नव्हता.

दातांचं राहिलं. लाळ नसल्याने तिची खालची दाढ किडून हलतेय, गुरुवारी इथल्याच एका दवाखान्यात काढायला न्यायची होती. आपली प्रतिक्रिया आल्यावर रात्री बसून वाचलं, की शेक घेतलेल्या जबड्यात दाढ काढली तर कधीकधी जखम भरत नाही, हाड उघडं पडून कुजूही शकतं, आणि हा धोका कित्येक वर्षं राहतो. म्हणून किडके दात शेक सुरू होण्याआधीच काढतात. गुरुवारचं रद्द केलंय. शेकवाल्या डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली आहे.

आपला सूर मात्र मला अजूनही पटलेला नाही.