पाम करपला म्हणून लगेच कात्री उचलू नका

थंडीची लाट येऊन गेली की नाशिकच्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. तो असा: ‘पाम करपला असेल तर सगळी तपकिरी पानं आजच छाटा. शेंडा सुकला असेल तर तोही कापा, खालून जोमदार फुटवे येतील. बुंध्याशी मूठभर युरिया टाकून भरपूर पाणी द्या. बुरशी नको म्हणून दर आठवड्याला शेंड्यात कॉपर ओता. महिन्याभरात पालवी आली नाही तर झाड मेलं समजा आणि उपटा.’ या पाचही सूचना जशाच्या तशा पाळल्या, तर थंडीतून वाचलेलं झाड उन्हाळ्यात हकनाक जातं.

आधी शेंड्याचं बघू, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही. आंबा, जास्वंद, कण्हेर यांना डोळे असतात; फांदी छाटली की खालचा डोळा फुटतो. एकखोडी पामला असा डोळाच नसतो. बॉटल पाम, फॉक्सटेल, रॉयल पाम, नारळ, सुपारी या सगळ्यांचा जीव शेंड्यातल्या एकाच कोंबात असतो. तो कापला की झाड संपलं; उरलेलं खोड काही महिने हिरवट दिसेल, पण फुटणार नाही.

मग फुटवे येतात हा समज आला कुठून? नर्सरीत ‘पाम’ म्हणून विकली जाणारी बरीच झाडं पाम नसतात. ड्रेसिना आणि युक्का शेंडा कापल्यावर खरंच फुटतात. सायकस हे पाईन-देवदाराच्या गोतावळ्यातलं झाड. त्याचा शेंडा गेला तरी गड्ड्याला, म्हणजे जाड बुटक्या खोडाला, बाजूने पिलं येऊ शकतात. ट्रॅव्हलर्स पाम केळीचा दूरचा नातेवाईक; त्याला आणि केळीला बुडाशी पिलं येतात. थंडीने केळीचं खोड लोळलं तर ते जमिनीलगत कापणं योग्यच, कारण तिचा खरा कंद मातीखाली सुरक्षित असतो. अरेका मात्र खरा पाम, पण झुडपासारखा. त्याचा एक दांडा मेला तर तेवढाच तळाशी कापायचा, शेजारचे दांडे वाढत राहतात. म्हणून कात्रीला हात लावण्याआधी आपल्या दारात नेमकं कोणतं झाड आहे ते ठरवा. सगळ्यांना एकच औषध सांगणारा मजकूर इथेच फसतो.

शेंडा जिवंत आहे का, हे ओळखायला तीन गोष्टी पुरतात. मधली न उघडलेली भाल्यासारखी सुरळी हलक्या हाताने वर ओढा. घट्ट असेल तर आशा आहे. मग सुरळीवर आणि तिला टेकलेल्या देठावर एकाच उंचीवर मार्करने रेघ मारा आणि आठ-दहा दिवसांनी पाहा. रेघांत एक सेंटिमीटरचं अंतर पडलं तरी कोंब चालू आहे. सुरळी सहज हातात आली, बूड चिकट आणि कुजका वास येत असेल, तर कोंबकुज सुरू झाली आहे. सायकसला ही परीक्षा लागू नाही. तिथे गड्डा सगळीकडून अंगठ्याने दाबून पाहायचा. तो टणक असेल तर सगळी पानं तपकिरी झाली तरी झाड जिवंत आहे. मऊ, दबणारा असेल तर आत कूज आहे.

आता पानांची छाटणी. करपलेलं पान कुरूप दिसतं हे खरं, पण अर्धं हिरवं पानही अन्न तयार करतं, आणि पाम जुन्या पानांतलं पोटॅश ओढून नव्या पानाला पुरवतो. वाळलेली पानंसुद्धा कोंबावर पांघरुणासारखी असतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानाचा पृष्ठभाग हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतो. म्हणून निफाडकडे पारा शून्याच्या थोडा वर असतानाही शेतात दहिवर गोठलेलं दिसतं. जानेवारीत पानं काढली आणि फेब्रुवारीत पुन्हा लाट आली, तर तो गारठा थेट कोंबावर बसतो. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हा आपल्याकडचा हिशेब छाटणीलाही चालतो. तोवर फक्त पूर्ण वाळलेली, लोंबकळून त्रास देणारी पानं काढा. होळीनंतरही टोकापासून देठापर्यंत वाळलेलं तेवढंच काढा. देठाचा पाच ते आठ सेंटिमीटर भाग खोडावर ठेवा, ओढून फाडू नका. ओल्या जखमेच्या वासाने खोड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. दोन झाडांच्या मध्ये करवत स्पिरिटने पुसा. सायकसची पानं नवी पालवी फुटताना दिसली की एकदम काढली तरी चालतात. अरेकाची बाहेरची पानं गेली असतील तर एप्रिलच्या उन्हात आतली कोवळी पानं भाजतात. तिथे पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा.

‘मूठभर युरिया आणि भरपूर पाणी’ ही सूचना सर्वांत जास्त पाळली जाते, कारण खत घातलं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण गार मातीत मुळं सुस्त असतात. आपल्याकडच्या भारी काळ्या मातीत वरून पाणी ओतत राहिलं तर हवा कोंडते आणि मुळं कुजतात. नुसत्या नत्राने पोटॅशची कमतरता आणखी उघडी पडते. बोट किंवा काडी दहा सेंटिमीटर खोल घालून पाहा; तिथे माती कोरडी लागली तरच पाणी द्या. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. खत रात्रीचा पारा पंधरा अंशांच्या आसपास स्थिरावल्यावर: बुंध्याभोवतीच्या दर चौरस मीटरला १५ ते २० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश आणि २५ ते ३० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, सोबत कुजलेलं शेणखत. खत खोडाला चिकटवू नका. नवं पान आखूड, चुरगळलेलं, जळक्या कडांचं आलं तर तो नवा रोग समजू नका. गार आणि चुनखडीच्या मातीतून मँगनीज उचललं जात नाही, त्याची ही खूण असू शकते. मँगनीज सल्फेट लिटरला ३ ग्रॅम घालून संध्याकाळी फवारा. वाकडं झालेलं पान सुधारणार नाही. सुधारणा त्याच्या पुढच्या पानात दिसते.

मजकुरातली पाण्याची गोष्ट एका वेळी मात्र खरी ठरते, ती म्हणजे लाट येण्याआधी. ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त धरते. द्राक्षबागाईतदार थंडीच्या रात्री ठिबक चालवतात ते यासाठीच. थंडी लागून गेल्यावर पाण्याचा मारा करून झालेलं नुकसान भरून निघत नाही. काही जण करपलेल्या पानांवर कोमट पाणी ओततात. पेशी आतून फुटलेल्या असतात, त्याने काही जुळत नाही.

कॉपरचा सल्ला अर्धा बरोबर आहे. सुरळी निघून आली असेल तर कुजका भाग बोटांनी किंवा चमच्याने साफ काढा, पोकळी दोन दिवस उन्हात वाळू द्या, मग कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के भुकटी लिटरला ३ ग्रॅम कालवून शेंड्यात ओता. मध्यम झाडाला अर्धा लिटर पुरतं. आठ-दहा दिवसांनी आणखी एकदा, आणि तिथे थांबा. दर आठवड्याला ओतत राहिलं तर साठलेलं तांबंच कोवळ्या कोंबाला जाळतं. त्यानंतर महिनाभर नळीचं पाणी शेंड्यावर पडू देऊ नका.

‘महिन्याभरात पालवी नाही तर उपटा’ हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण या घाईने धडधाकट झाडं जातात. पहिली दोन-तीन पानं कोंबातच भाजलेली असल्याने अर्धी, तुटकी, तपकिरी टोकांची निघतात; त्यामागून चांगलं पान येतं. सायकस तर उन्हाळाभर गप्प राहून पावसाळ्याच्या तोंडावर एकदम पालवतो. उलटही घडतं. पामच्या खोडात गेलेल्या पाणीवाहिन्या पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून मार्चमध्ये हिरवं दिसणारं झाड एप्रिल-मेच्या उन्हात पाण्याची गरज वाढताच अचानक माना टाकू शकतं. तेव्हा खोडाजवळ आच्छादन घाला आणि ओलावा सारखा ठेवा.

शिंदी, खजूर किंवा चायना पाम करपले असतील तर थंडीला दोष देण्याआधी खोडाला भोकं, भुसा, आंबूस वास, तांबूस चिकट स्राव आहे का पाहा. ही झाडं हलकं गोठलेलं दहिवर सोसतात. त्यांच्या बाबतीत संशय भुंग्यावर घ्या.

उपटायचा निर्णय आषाढात घ्या. तोवर सुरळी नाही, शेंड्यात घातलेली सळई लोण्यासारखी आत जाते, अशी स्थिती असेल तर झाड गेलं आहे. एकखोडी उंच पाम असेल तर लांबवू नका. कुजलेला शेंडा वजनासकट खाली येतो. तोडताना खोडात अळ्या दिसल्या तर ते तुकडे बागेत रचून ठेवू नका. बारीक चिरून जाळा किंवा खोल पुरा. तशीच पडलेली ओंडकी शेजारच्या नारळापर्यंत भुंगा पोहोचवतात.