पाहणी उन्हाळ्यातच करावी

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गासारख्या एखाद्या कामाचा पर्यावरणीय आढावा लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. ज्या परीक्षेला कायद्याने बसावेच लागत नाही, तिचा पेपर आपण स्वतः काढणार, स्वतः सोडवणार आणि स्वतःच तपासणार आहात. कोणत्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, याची लांबलचक यादी १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे. तीत महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, साखर कारखानेही आहेत, रेल्वेमार्ग मात्र नाही. म्हणजे सोलापूरजवळ बोरामणीला विमानतळाची धावपट्टी करायची तर मंजुरी हवी आणि दोन जिल्ह्यांच्या शिवारांतून रुळांचा भराव न्यायचा तर नको. वनजमीन लागली तर १९८० चा वन संवर्धन कायदा आडवा येतो आणि अभयारण्यात शिरलात तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. परंतु या दोन्ही अडचणी हेक्टरांत मोजता येतात, आणि जे हेक्टरांत मोजता येते ते आज ना उद्या निस्तरता येते, हे आपण जाणताच. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा जो सविस्तर अभ्यास झाला, तोही आपल्या कायद्याने मागितला म्हणून झाला नाही. कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेचे नियम तसे होते म्हणून झाला. तुळजापूरच्या गाडीचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलत असल्याने असा परका सावकार आपल्या दारात उभा नाही. तेव्हा अभ्यास अवश्य करावा. नापास होण्याची सोय नसताना अभ्यास करण्यात जी शोभा आहे, ती अन्य कशात नाही.

अहवालाचा आरंभ भक्तीने करावा. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरकडे रात्रभर वाहणारी माणसांची रीघ हा आपला सर्वांत भक्कम पुरावा होय. ही मंडळी चालत जाण्याचा नवस बोललेली असतात आणि रेल्वे फुकट केली तरी त्या रात्री गाडीत बसणार नाहीत, ही बाब प्रवासीसंख्येच्या तक्त्यात आणण्याचे कारण नाही. त्यानंतर कुर्डुवाडीचा उल्लेख करावा, कारण सोलापूरकराला आज धाराशिवला रेल्वेने जायचे तर आधी पश्चिमेला कुर्डुवाडी गाठून मग उलट पूर्वेकडे यावे लागते. हे वाचून कोणाही सहृदय माणसाला मार्गाची गरज पटेल. मलाही ती पटलेली आहे. विजेवर चालणारी गाडी तेवढ्याच माणसांसाठी धावणाऱ्या एसटी आणि जीपगाड्यांपेक्षा कमी धूर करते, हेही खरे आहे, आणि आपल्या अहवालात ठामपणे खरे असलेले हे वाक्य एकच असल्यामुळे ते दर पाच पानांनी पुन्हा छापावे. भारतीय रेल्वेने २०३० सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवलेले असल्याची नोंद त्याला जोडली, की पुढच्या पानांवर कोणी फारसे थांबत नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पाहणी केव्हा करावी. ज्या प्रकल्पांना मंजुरी लागते, त्यांच्या अभ्यासातही पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती चालवून घेण्याची सोय आपल्याकडे रुळलेली आहे. ती आपण मोकळ्या मनाने उचलावी आणि मे महिना निवडावा. मे महिन्यात आपल्या भागातला ओढा म्हणजे दोन्ही काठांना वेड्या बाभळी, मध्ये वाळू आणि वाळूत एखादी शेळी. त्याचे छायाचित्र घ्यावे आणि खाली ‘प्रवाह आढळला नाही’ असे लिहावे, ज्यात खोटे काहीही नाही. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो सप्टेंबरात, तोही दोन-चार रात्रींत, कसा कोसळतो हे सरासरीत दिसत नाही, आणि सरासरीचा हाच तर गुण आहे. ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी किंवा सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने माढा, मोहोळपासून उत्तर सोलापूरपर्यंत जे केले, त्याला ‘अपवादात्मक घटना’ म्हणावे. पाच वर्षांत दोन अपवाद झाले, असे कोणी म्हणाल्यास सरासरी पुन्हा दाखवावी.

याच प्रकरणात एक बारीक कौशल्य आहे. ओढ्यांची नावे अहवालात येऊ देऊ नयेत. सोलापूर सोडून तुळजापूरच्या रस्त्याला लागले की हिप्परग्याचा एकरुख तलाव लागतो. १८७१ साली आदिला नदी अडवून बांधलेला हा तलाव कुठल्या कुठल्या शिवारातले पाणी गोळा करतो, हे तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तोंडपाठ असते. ओढ्याला नाव असले की त्याला काठ असतो, काठावर विहीर असते आणि विहिरीला मालक असतो. म्हणून प्रत्येक ओढ्याला आरंभापासूनचे अंतर द्यावे, ‘किमी अमुक येथील नाला’ म्हणावे आणि त्याच्यापुढे ‘मोरी प्रस्तावित’ हे दोन शब्द लिहावेत. ती मोरी, म्हणजे भरावाखालून पाणी जाण्याची वाट, किती रुंद, तिच्यात पहिल्याच पुरात पऱ्हाट्या आणि वेड्या बाभळीच्या फांद्या अडकल्यावर पाणी कुठे फिरणार, या बाबी ‘तपशीलवार आराखड्याच्या टप्प्यावर’ टाकाव्यात. भराव म्हणजे रानाच्या मधोमध घातलेला लांबलचक बांध. त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि खालच्या अंगाची विहीर भरायची थांबते, हे शाळकरी पोराला कळते. काळ्या रानात आठवडाभर पाणी थांबले तर मालदांडी ज्वारीची पेरणी लांबते, हेही कळते. अहवालात मात्र ‘जलनिस्सारणावर नगण्य परिणाम’ असे लिहिण्याची पद्धत आहे आणि पद्धत मोडणारे आपण कोण?

काळ्या मातीचा विषय निघालाच आहे. ही माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावर रूळ टाकले तर ते वर्षभरात लाटांसारखे दिसू लागतील. म्हणून भरावाला मुरूम लागतो, रुळांखाली काळ्या दगडाची खडी लागते, आणि या दोन्ही वस्तू कुठल्या तरी टेकडीत असतात. तुळजापूर बालाघाटाच्या कडेवर बसलेले असल्याने टेकड्यांची ददात नाही. त्या टेकडीचे नाव अहवालात कुठेही घालू नये. ‘मंजूर स्रोतांतून’ एवढे पुरे. एक काळ असा होता की याचीही काळजी करावी लागत नव्हती, कारण २८ मार्च २०२० च्या अधिसूचनेने रस्ते आणि पाइपलाइन यांसारख्या लांब पट्ट्यांच्या कामांसाठी माती उचलायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती. देश टाळेबंदीत घरी बसलेला असताना ही सूट आली आणि २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. चार वर्षांत जी माती गेली, ती अर्थातच परत आणता येत नाही. तेव्हा निराश होऊ नये.

यानंतर माळढोक. या पक्ष्याचा उल्लेख टाळता आला तर उत्तम, परंतु सोलापुरात ते अवघड जाते. नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले तेव्हा सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून त्याचा पसारा ८,४९६ चौरस किलोमीटर होता; पुढे तो १,२२२ वर आणला गेला, आणि आता गणनेत एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. याचा अर्थ, काम आपण येण्याआधीच बरेचसे उरकलेले आहे. आपण एवढेच करावे की अभयारण्याची हद्द जिथे संपते तिथे आपला अभ्यासही संपवावा आणि हद्दीबाहेरच्या कुसळी गवताच्या माळाला ‘पडीक जमीन’ या रकान्यात टाकावे. त्या माळावर काळवीट चरतात, लांडगा पिल्ले वाढवतो, चंडोल जमिनीवरच घरटे करतो; पण उंच झाड नसल्यामुळे छायाचित्रात ते रान रिकामेच दिसते आणि सचिवालयात छायाचित्रच पोहोचते. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला नाकासमोरची तार उशिरा दिसते आणि अंग जड असल्याने ऐन वेळी वळता येत नाही. रुळांवरच्या विद्युत तारांबाबत कोणी हा प्रश्न काढलाच, तर ‘या पट्ट्यात माळढोकाची अलीकडील नोंद नाही’ असे उत्तर द्यावे. नोंद का नाही, हा वेगळा अभ्यास आहे आणि तो आपल्या निविदेत नाही.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी झाडे लावण्याचे आश्वासन मात्र उदारपणे द्यावे. ती लावायची कुठे, तर त्याच पडीक माळावर, कारण रिकामी जागा तिथेच आहे. नान्नजच्या गवतात पूर्वी लावलेली ग्लिरिसिडियाची झाडे गवताच्या मुळावर उठली, हा अनुभव जुना असला तरी वृक्षारोपणाच्या छायाचित्रात माणसे हसरी येतात.

लोकांचे म्हणणे ऐकण्याबद्दल थोडक्यात सांगतो. पर्यावरण मंजुरीच नसल्याने जनसुनावणी नाही. रेल्वे कायद्याखालच्या भूसंपादनात हरकतींना तीस दिवस असतात, पण त्या हरकती ज्याची जमीन जाते त्याच्या असतात आणि बहुतेकांना गाडी हवीच असते. भांडण दराचे असते. दर वाढवून मिळाला की विहिरीचा झरा आणि ओढ्याची वाट यांच्याविषयी बोलायला कोणी उरत नाही. उरतो तो मेंढपाळ. दिवाळीनंतर दोनशे मेंढरे घेऊन तो भरावापाशी येईल, तेव्हा त्याला कळेल की पलीकडे जायची वाट आता पाऊण कोसावर आहे. परंतु त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून तो बाधित नाही, म्हणून तो आपल्या तक्त्यात नाही.

ती पाऊण कोसावरची वाट म्हणजे रुळांखालचा बोगदा. नव्या मार्गांवर फाटके ठेवायची नाहीत असे धोरण असल्याने गावोगाव असे बोगदे होतात, आणि ते आजूबाजूच्या रानापेक्षा खोल असल्याने ज्या ओढ्यात आपल्याला मे महिन्यात प्रवाह आढळला नव्हता, तो सप्टेंबरात तिथे मुक्कामाला येतो. शाळेची पोरे, दुधाचे कॅन आणि उसाची बैलगाडी अलीकडे थांबतात. यावर उपाय म्हणून पाणी उपसायला पंप बसवण्याची निविदा काढली जाते. ती पर्यावरणाच्या शीर्षाखाली येत नाही, देखभालीच्या शीर्षाखाली येते. तेव्हा आपला अहवाल तिच्यामुळे चुकीचा ठरण्याची भीती बाळगू नये. फक्त पंपाचा वीजजोड वरच्या अंगाला घेण्यास सांगावे, कारण खालच्या अंगाला घेतल्यास तोही पाण्यात जातो.