तेलाचा फेरा

घरातलं तेल संपलं की माझ्या पोटात गोळा येतो. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर जाऊन डबा आणायचा, एवढंच काम. पण आमच्याकडे कुठलं तेल चांगलं हे दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, आणि बदल झाल्याचं मला दुकानात उभा असताना फोनवर कळतं.

लहानपणी शेंगदाण्याचं होतं. पितळी किटली घेऊन मीच जायचो. मग टीव्हीवरच्या जाहिरातीतली बाई नवऱ्याच्या हृदयाची काळजी करू लागली आणि आईने बाबांचं हृदय करडईवर आणलं. किटली भंगारात गेली. पुढे सूर्यफूल आलं. मग रविवारच्या पुरवणीत ऑलिव्ह आलं. त्यात कांदाभजी तळली त्या दिवशी शेजाऱ्यांनी काय जळतंय म्हणून बेल वाजवली. नंतर भाताच्या कोंड्याचं. गावी हा कोंडा म्हशीला घालत.

आपल्याच पुरवण्यांना काय बोलायचं? अमेरिकेच्या ‘टाइम’ने १९८४ साली मुखपृष्ठावर ताटली छापली होती, अंड्यांचे डोळे आणि बेकनचं उतरलेलं तोंड, मथळा कोलेस्टेरॉलचा. २०१४ साली त्याच मासिकाने लोण्याची वळी छापून ‘लोणी खा’ सांगितलं. मधली सगळी वर्षं बाबा उकडलेल्या अंड्यातला बलक ताटाच्या कडेला काढून ठेवत. दुसरं मुखपृष्ठ यायच्या आधीच ते गेले.

तर परवा मी दुकानात चष्मा लावून पाच डबे ओळीने वाचले. एकावर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉलमुक्त’. अहो, कोलेस्टेरॉल असतं प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत, बियांच्या तेलात ते येणार कुठून? गोखले रोडवरच्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘हत्तीमुक्त’ लिहिण्यासारखंच झालं. (घोडबंदरवाल्यांना ‘बिबट्यामुक्त’ लिहिणं जरा जड जाईल, ते सोडा.) डब्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांतला तक्ता होता. १०० ग्रॅमला ९०० किलोकॅलरी. दुसऱ्या डब्यावर ९००. तिसऱ्यावरही ९००. पुढच्या बाजूला हृदय, सूर्य, धावणारी पोरं असं काय काय होतं. मागे सगळे सख्खे भाऊ.

‘‘साहेब, तेल घेताय की परीक्षेला बसताय?’’ दुकानदार म्हणाला.

तेवढ्यात फोन. ‘‘अहो, रिफाइंड अजिबात घेऊ नका, आत्ताच रील बघितलं. लाकडी घाण्याचं आणा.’’

‘‘कशाचं?’’

‘‘शेंगदाण्याचं.’’

किंमत ऐकून मी पाच लिटरऐवजी एकच घेतलं.

घरी आईने बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग बाटली ओट्यावर ठेवत म्हणाली, ‘‘अरे, किटली तेवढी विकायला नको होती.’’