मेलं नाही, मारलंय ते

आज बातमी आली. 'टोटल वॉर: वॉरहॅमर' हा कॉम्प्युटर गेम २८ एप्रिल २०१६ ला येत नाही, २४ मेला येतोय. मी ती शेअर केली, वर "चला, अजून महिनाभर" एवढंच लिहिलं आणि कामाला लागले. दुपारी बघते तर एका मित्राची कमेंट (नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल): "अगं, मेलेल्या जगाचा गेम आहे तो. महिनाभर उशिरा आला काय नि नाही आला काय." त्यावर सतरा जण हसलेत. फेसबुकने लाइकच्या जोडीला ते नवे चेहरे नुकतेच दिलेत, आणि आमच्या मंडळींना ते वापरायला हीच जागा सापडली.

तेव्हापासून डोकं फिरलंय. तिथेच उत्तर द्यायला गेले, चार ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितेय. ज्यांना यात रस नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, राग नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ते जग मेलं नाही. मारलंय ते. आणि ज्यांनी बांधलं त्यांनीच मारलंय.

'वॉरहॅमर' या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाचं, १९८३ पासूनचं जग. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं. बोटभर उंचीचे सैनिक, पायाखाली चौकोनी तळ, रांगेत उभी केलेली पलटण, हातात फुटपट्टी आणि मूठभर फासे. बत्तीस वर्षं लोकांनी ते सैनिक रंगवले. माणसांची राजधानी आल्टडॉर्फ नकाशात कुठे, ब्लॅक फायर पास ही खिंड कुठे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारी माणसं आहेत. मग २०१४ साली 'एंड टाइम्स' सुरू झालं. पाच जाडजूड पुस्तकं. एकेका पुस्तकात एकेक राज्य बुडवायचं, आपल्या आवडत्या राजांना ओळीने संपवायचं, आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये पाचवं पुस्तक आलं त्यात अख्खं जगच गिळून टाकलं. जुलैमध्ये त्याच्या जागी नवा खेळ, 'एज ऑफ सिग्मार', हजर. चौकोनी तळ गेले, गोल आले.

आणि मधल्या एप्रिलमध्ये, आमचं सुतकही फिटलं नव्हतं तेव्हा, या गेमची घोषणा! गेम बनवायचा करार तर २०१२ च्या डिसेंबरातच जाहीर झालेला. म्हणजे एकीकडे घर पाडायला माणसं लावली होती आणि दुसरीकडे त्याच घराचा नकाशा गेम बनवणाऱ्या क्रिएटिव्ह असेंब्ली कंपनीच्या हातात दिला होता, की बाबांनो, जसंच्या तसं बांधा. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

आता मी एवढी का चिडलेय ते सांगते. दादामुळे.

दादाने १९९८ चा 'डार्क ओमेन' हा याच जगातला गेम कॉम्प्युटरवर खेळून खेळून पाठ केला होता. तिथून तो टेबलावरच्या त्या बोटभर आकृत्यांकडे वळला. त्याचे ड्वॉर्फ, म्हणजे दाढीवाले बुटके योद्धे. मी धाकटी, म्हणून माझ्या वाट्याला गॉब्लिन, म्हणजे हिरवे किडकिडे राक्षस. निवड वगैरे नव्हतीच. तो एकेका ड्वॉर्फच्या दाढीवर दोन दोन संध्याकाळी घालवायचा. आधी गडद तपकिरी, मग त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग, म्हणजे फक्त केसांच्या उंचवट्यांना लागतो. माझे गॉब्लिन मी एका बैठकीत वीस हिरवे करून टाकायचे. दादाच्या ड्वॉर्फांतल्या एका हॅमररचा, म्हणजे हातोडेवाल्या शिपायाचा, हातोडा तुटला तेव्हा दादाने काडेपेटीची काडी कापून दांडा केला, आणि त्या तुटक्या हॅमररला पुढच्या रांगेत उभं केलं. मागे लपवला नाही.

आमची शेवटची लढाई अर्धी राहिली. २००७ साल. सहा फेऱ्यांची लढाई, चौथी संपली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दादाला नोकरीसाठी निघायचं होतं. सगळं टेबल तसंच ठेवणं शक्य नव्हतं. मग त्याने वहीचं पान फाडलं, फुटपट्टी घेतली आणि कुठली पलटण कुठे, तोंड कुठल्या दिशेला, कोण किती उरलेत, सगळं इंचांत लिहून काढलं. "आलो की इथून पुढे." आकृत्या, फासे, फुटपट्टी आणि दोन कागद डब्यात, डबा कपाटावर. नऊ वर्षं झाली. त्याची सुट्टी आणि माझी सुट्टी कधी जुळलीच नाही. जुळली तेव्हा घरात लग्न होतं किंवा दवाखाना.

तर गेल्या जुलैमध्ये दादाचा फोन. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाला, "ऐकलंस का, ते जग संपवलं म्हणे." मी म्हटलं हो. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग आपली लढाई?"

चाळिशी गाठलेला माणूस. दोन मुलांचा बाप. मला काही बोलता आलं नाही.

म्हणून "मेलेलं जग" असं कुणी सहज म्हटलं की माझं टाळकं सरकतं.

बरं, मारलं तर मारलं, मारण्याची काही रीत? ड्वॉर्फचा थोर राजा थॉरग्रिम. याच्याकडे 'बुक ऑफ ग्रजेस' असतं, म्हणजे हजारो वर्षांच्या अपमानांची खातेवही. कुणी कधी काय फसवलं, कुणी कुठला शब्द मोडला, सगळं लिहिलेलं. हिशेब चुकता झाला की नोंद खोडायची. त्या बिचाऱ्याची एकच इच्छा, सगळ्या नोंदी खोडून मरायचं. त्याला एका उंदीरमाणसाने मागून येऊन मारला. दुसरा ड्वॉर्फ राजा बेलेगार, त्याने आयुष्यभर झगडून कराक एट पीक्स हे पूर्वजांचं गेलेलं ठाणं परत मिळवायला घेतलं, तोही तिथेच गेला. आणि शेवटी जग वाचवायचा विधी चाललेला असताना तो मानफ्रेड, तो व्हॅम्पायर, ऐन वेळी बाल्थासार गेल्ट या जादूगाराला मारतो आणि सगळं बोंबलतं. बत्तीस वर्षांच्या गोष्टीचा शेवट काय, तर एकाला ऐन वेळी दुर्बुद्धी सुचली!

आणि नंतर जुन्या सैन्यांसाठी जे फुकट नियम दिले ते तर वाचाच. कर्ट हेलबोर्ग या सरदाराचा नियम असा की तुमच्या मिशा समोरच्यापेक्षा भरदार असतील तर हुकलेला फासा पुन्हा टाकायचा. मिशा! म्हणजे मी जन्मभर हरणार. विनोद म्हणून ठीक आहे हो, पण मयताच्या घरी येऊन विनोद करू नये एवढं तरी कळावं.

हो, माहितीये, तुम्ही काय म्हणणार ते. खप नव्हता. नव्या मुलाला एक सैन्य उभं करायचं तर शंभरेक आकृत्या घ्या, चिकटवा, रंगवा, आणि मग जाडजूड नियमपुस्तक वाचा. कोण येणार होतं? एज ऑफ सिग्मार आला तेव्हा त्याचे नियम चार पानांत बसले आणि त्या नव्या आकृत्या सुरेख आहेत, हेही कबूल. आणि मी स्वतः शेवटची आकृती पैसे मोजून कधी घेतली ते मला आठवत नाही. दादा नोकरीला गेला त्यानंतर तर नाहीच.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि पाच मिनिटं तशीच बसले. आपण कपाटावर डबा ठेवून निर्धास्त होतो. दुकान मात्र कुणीतरी चालू ठेवायचं होतं. असो.

पण म्हणूनच या गेमची वाट बघतेय ना मी! दुसरं कुठलं कारण आहे? ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: टोटल वॉर ही मालिका २००० सालापासूनची, शोगनपासून सुरू झालेली, आणि आजवर फक्त इतिहासात रमलेली. जपान, रोम, नेपोलियन. त्यात एकेकटा शिपाई नसतो, पलटणी असतात. समोरून भिडवून ठेवायचं, बाजूने घोडेस्वार घालायचे, समोरच्यांचं धैर्य खचलं की ते पाठ दाखवून पळतात, आणि त्यांना पळताना बघून शेजारची पलटणही हलते. आता सांगा, टेबलावर आम्ही दुसरं काय करत होतो? मला तर पहिल्यांदा रोम खेळताना सारखं वाटायचं की यात फक्त गॉब्लिन कमी आहेत. हा मिलाफ इतका उघड होता की तो व्हायला २०१६ उजाडावं लागलं याचंच नवल.

गेममधली ब्लॅक फायर पासची लढाई दाखवली होती ना गेल्या वर्षी, ती मी किती वेळा बघितली ते सांगत नाही. माणसांचा सम्राट कार्ल फ्रान्झ ग्रिफिनवर, म्हणजे अर्ध्या गरुड-अर्ध्या सिंहावर, बसून रांगेवर उतरतो आणि हिरवी माणसं चेंडूसारखी उडतात. त्याहून मला आवडलं ते हे की प्रत्येकाचा स्वभाव ठेवलाय. ड्वॉर्फना घोडदळ नाही, जादूगार नाहीत. चिलखत, तोफा आणि हट्ट. व्हॅम्पायरांकडे धनुष्यबाण चालवणारं कुणी नाही, पण मेलेले उठवता येतात. ड्वॉर्फची खातेवहीसुद्धा आहे, खेळता खेळता नोंदी वाढतात आणि फेडाव्या लागतात. ज्याने कुणी हे केलं त्याने लहानपणी कुठल्या तरी टेबलावर वाकून फुटपट्टी लावलेली आहे, मी पैज लावते.

नाराजी आहेच. केऑसची, म्हणजे सैतानी देवांची, सेना आगाऊ बुकिंगवाल्यांना फुकट आणि बाकीच्यांना वेगळे पैसे, हा प्रकार मलाही रुचला नाही; ऑक्टोबरात लोक भडकले ते बरोबरच होतं. आणि ड्वॉर्फना माणसांची शहरं ताब्यात घेता येणार नाहीत, फक्त डोंगरातले किल्ले, यावरही बरीच कुरकूर चाललीये. मला नाही त्यात काही गैर वाटत. ड्वॉर्फला आल्टडॉर्फ घेऊन करायचंय काय? ताब्यात नाही घेता येत, पण उद्ध्वस्त तर करता येतं. मानफ्रेडचं राज्य मला ताब्यात नकोच आहे. त्याचं नाव माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे, आणि २४ मेच्या रात्री मी थॉरग्रिमला घेऊन आधी तिकडेच निघणार.

कळतंय का, हसणाऱ्या सतरा जणांनो? या गेममधला नकाशा 'एंड टाइम्स'च्या आधीचा आहे. थॉरग्रिम जिवंत आहे. मानफ्रेडने अजून काही केलेलं नाही. पहिल्या चालीला सगळे आपापल्या जागी उभे आहेत आणि पुढे काय होणार ते कुणीही छापलेलं नाही. आणि असे तीन गेम काढणार आहेत म्हणे. गेल्या वर्षी कुणी तरी आपली अख्खी सेना जाळली आणि तो व्हिडिओ टाकला, तुम्हीही पाहिला असेल. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आज तेवढा येत नाही. त्याला बहुतेक कुणी विचारणारं नव्हतं की मग आपली लढाई?

उशिराचं म्हणाल तर, घाईघाईत बाहेर ढकललेला गेम काय चीज असते ते आपण सगळ्यांनी भोगलंय. घ्या अजून सव्वीस दिवस. आम्ही नऊ वर्षं थांबलोय.

हे सगळं लिहीत असतानाच दादाचा मेसेज आला. त्याने माझी सकाळची पोस्ट पाहिली. त्या कमेंटबद्दल एक शब्द नाही. एवढंच: "२४ मेला मंगळवार आहे. मी बुधवारची रजा टाकतोय. तो कागद आहे ना तुझ्याकडे?"

आहे. मगाशी स्टुलावर चढून डबा काढला. दाढ्यांचा रंग जसाच्या तसा आहे, माझ्या गॉब्लिनांचे मात्र पोपडे निघालेत. काडीच्या हातोड्याचा हॅमरर पुढच्याच रांगेत आहे. वहीच्या पानावर दादाचं अक्षर: "हॅमरर, ११ उरले, गॉब्लिनांपासून ९ इंच."

आणि दादा, तू हे वाचणारच आहेस, तर सांगूनच टाकते. डब्यात दुसराही एक कागद आहे. घडी घातलेली चिठ्ठी, लढाई सुरू व्हायच्या आधी नियमाप्रमाणे लिहून झाकून ठेवलेली. त्या गॉब्लिनांच्या पलटणीत माझे फनॅटिक लपलेले आहेत. साखळीला बांधलेला लोखंडी गोळा गरगर फिरवणारे, तीन. तू आठ इंचांच्या आत आलास की बाहेर पडणार होते.

तू नऊवर थांबलास.